शनिवारच्या आधीचे सहा दिवस

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो नायगाराचा. मी नायगारा पाहिला नाही, असे सांगितले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'मग एवढे तिकीट कशाला काढले?' असा भाव उमटतो. खरे सांगायचे तर तिथल्या दोन महिन्यांत मी मनापासून पाहिले ते एक गॅरेज. नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सालेम या गावी, माझ्या मुलीच्या घरापासून चौथ्या बंगल्याच्या मागे ते होते, आणि त्यात सतरा वर्षांचा एक पोरगा शनिवारच्या शर्यतीसाठी एक मोडलेली शेव्हरोले पुन्हा उभी करत होता.

विन्स्टन-सालेम हे जोडगाव. सालेम वसवले ते १७६६ साली मोरेव्हियन पंथाच्या जर्मन बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी. विन्स्टन वाढवले तंबाखूने. १९१३ साली दोन्हींचे एक गाव झाले. त्या धर्मशील मंडळींची आठवण म्हणून आल्याची बिस्किटे अजून मिळतात, आपल्या उडदाच्या पापडाला लाजवतील इतकी पातळ. तंबाखूवाल्यांची आठवण म्हणजे बोमन ग्रे स्टेडियम. बोमन ग्रे हे रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे एकेकाळचे प्रमुख. स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचे, मधोमध फुटबॉलचे मैदान आणि त्याभोवती पाव मैलाचा डांबरी पट्टा. उन्हाळ्यात दर शनिवारी रात्री या पट्ट्यावर मोटारींच्या शर्यती होतात; ही वहिवाट १९४९ पासूनची. वळणे इतकी अरुंद आणि सपाट की गाड्यांनी एकमेकींना धक्के दिल्यावाचून शर्यत पार पडतच नाही. लोकांनी प्रेमाने ठेवलेले नाव आहे 'वेड्यांचे इस्पितळ'. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅसकार या संस्थेने आपले नामांकित ड्रायव्हर इथे आणून शर्यत घेतली, तेव्हा आपल्या गल्लीत कसोटी सामना व्हावा तसा आनंद गावकऱ्यांना झाला होता म्हणे.

या गाड्यांना म्हणतात 'स्टॉक कार'. म्हणजे दुकानातून आणली तशीच गाडी. नावापुरतेच हो! बंड्याच्या शेव्हरोलेला आत ड्रायव्हरची एक खुर्ची आणि भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एवढाच संसार. दारे वेल्डिंग करून बंद. काचा नाहीत, दिवे नाहीत. हॉर्नही नाही, ही गोष्ट पुण्याच्या माणसाला विशेष लक्षात येते.

'बंड्या' हे अर्थात त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव आमच्या सौ.च्या जिभेवर बसेना, म्हणून तिने हे ठेवले, आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. दक्षिणेकडची ही मुले मोठ्यांना 'सर' आणि 'मॅम' म्हणतात. बापाशी बोलतानाही 'येस सर'. अमेरिकेतली मुले उद्धट असतात, असे मी इकडून ऐकून गेलो होतो.

पहिली भेट सोमवारी संध्याकाळी. फिरायला निघालो होतो, तो पान्याचा ओळखीचा आवाज आला. चौतीस वर्षे दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपात काढलेल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. गाडीचा उजवा पुढचा कोपरा पार चिरडला होता. आदल्या शनिवारी बंड्या दुसऱ्या नंबरावर होता. शेवटच्या फेरीत मागच्या गाडीने त्याला ढोसले आणि तो कठड्यावर आदळला. कंट्रोल आर्म वाकलेला, टाय रॉड मोडलेला, चाक भलतीकडे तोंड करून बसलेले.

"शनिवारपर्यंत होईल?" मी विचारले.

"व्हायलाच हवे, सर," तो म्हणाला.

दिवसा तो एका लाकडाच्या वखारीत काम करी. संध्याकाळी सहा ते रात्री बारा गॅरेज. वडील ट्रक चालवत आणि एक दिवसाआड घरी असत. आई इस्पितळात नर्स. आजोबा मात्र कायम हजर. कोपऱ्यात खुर्ची टाकून, डोक्यावर '३' आकड्याची काळी टोपी घालून बसलेले. तो आकडा डेल अर्नहार्ट यांच्या गाडीचा. ते जवळच्याच कनॅपोलिस या गिरणगावातले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, ते कठड्यावर आदळून गेले. मान आणि डोके धरून ठेवणारा पट्टा त्याच वर्षी सक्तीचा झाला. बंड्याच्या शिरस्त्राणाला तो लावलेला असतो, आणि त्याचे बंद आई स्वतः ओढून पाहते.

आजोबांकडून मला या खेळाचा पूर्वेतिहास कळला. दारूबंदीनंतरही इथल्या डोंगरात कर चुकवून दारू गाळत. ती रात्री शहरात पोहोचवणारे पोरगे साध्या दिसणाऱ्या फोर्ड गाड्यांची इंजिने वाढवून पोलिसांना चकवत. माल भरल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसू नये, म्हणून स्प्रिंगा कडक करत. मग रविवारी, कोणाची गाडी जास्त पळते यावर पैजा! १९४९ च्या १९ जूनला शार्लटला नॅसकारची पहिली 'जशीच्या तशी' गाड्यांची शर्यत झाली. पहिले आले ग्लेन डनवे. पण तपासणीत गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्या पद्धतीच्या निघाल्या, आणि पहिला नंबर कॅन्ससच्या जिम रोपर यांना गेला. विल्क्स परगण्यातले ज्युनियर जॉन्सन तर १९५६ साली बापाच्या भट्टीपाशी पकडले गेले, तुरुंगात जाऊन आले, आणि १९६० साली त्यांनी डेटोना ५०० जिंकली. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली. हे सांगताना आजोबांचा चेहरा असा खुलला, की त्या धंद्यात त्यांच्याही घरातले कोणी होते की काय, असा मला संशय आला. विचारले नाही.

वेंडेल स्कॉट यांची हकीकत मात्र त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. ते सीमेपलीकडच्या डॅनव्हिल गावचे कृष्णवर्णीय ड्रायव्हर. गाडी स्वतःच दुरुस्त करायचे, मदतीला स्वतःची मुले. कातडीचा रंग पाहून शर्यतीतून परत पाठवले जायचे. खुद्द विन्स्टन-सालेमनेही त्यांना एकदा परत पाठवले. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला ते जिंकले, पण विजयाचा झेंडा दाखवला दुसऱ्याला. चूक कबूल झाली ती लोक घरी गेल्यावर. करंडक त्यांच्या कुटुंबाच्या हाती पडला २०२१ साली, स्कॉट जाऊन तीस वर्षे झाल्यावर.

मंगळवारी आणि बुधवारी नवा आर्म बसला. बुधवारी रात्री गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून चाकांची तोंडे जुळवली. दोरीचे एक टोक मी धरले होते. संगणकाच्या देशातही चाक शेवटी दोरीनेच जुळवतात हे पाहून मला फार बरे वाटले.

त्याच रात्री त्याचा काका आला. गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला, "शनिवारी त्याचा हिशेब चुकता कर. नाही केलास, तर दर आठवड्याला कोणीही येऊन तुला ढोसून जाईल." गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हीच भाषा होती. पेट्रोल पंपावरचा माणूस, वखारीतले सोबती, सगळे परतफेडीची वाट पाहत होते. निम्मे प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढतात, असे आजोबा म्हणाले. बंड्या दोरीवरून डोळा न काढता "येस सर" म्हणाला. त्यातून होकार की नकार, काहीच कळेना.

गुरुवारी प्रश्न आला टायरांचा. चार नवे हवेत, पैसे दोघांचे. त्या दोघांसाठीही वडिलांनी मासे पकडायची छोटी होडी विकली, हे मला सौ.ने सांगितले, तिला ते त्याच्या आईने सांगितले होते. बायकांना भाषा अडत नाही. त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. मुलगा अठरा वर्षांखालचा म्हणून शर्यतीआधी पालकांना संमतीपत्रावर सही करावी लागते. बाई म्हणाली होती, "इस्पितळात मी दुसऱ्यांच्या मुलांच्या आयांकडून सह्या घेते. शनिवारी स्वतः करते. या शनिवारी तो सूड घ्यायला निघाला असेल तर मी करणार नाही." हे तिने बंड्याला सांगितले नव्हते. त्याने आपल्या मनाने ठरवावे, अशी तिची इच्छा होती.

शुक्रवारी गाडी वजनाला लावली. चार चाकांखाली चार सपाट काटे, समोर पडद्यावर चार आकडे. शर्यतीत गाडी फक्त डावीकडेच वळते, म्हणून वजन डावीकडे जास्त ठेवतात. उजव्या मागच्या टायरचा घेरही डाव्यापेक्षा मोठा. निमुळता पेला जमिनीवर आडवा ढकला. तो सरळ न जाता गोल फिरतो. तशीच ही गाडी आपण होऊन वळायला बघते. मग स्प्रिंगवरचा स्क्रू फिरवायचा. डगमगणाऱ्या टेबलाच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी घालतो, तेव्हा त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर भार येतो, इथेही तेच. भार फार झाला तर गाडी वळायचे सोडून सरळ कठड्याकडे जाते, कमी पडला तर मागचा भाग निसटतो. अर्ध्या फेऱ्याचा फरक, पण शर्यत त्यावर जाते.

हे करताना खुर्चीत ड्रायव्हरचे वजन हवे. बंड्याला तर स्क्रू फिरवायचा होता. त्याने माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि अदबीने विचारले, "सर, आपले वजन किती?" ते जवळपास त्याच्याइतकेच भरले. अशा रीतीने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी खिडकीतून मोटारीत शिरलो. आधी उजवा पाय, मग बूड, मग डोके, असा क्रम आहे. मी डोक्यापासून सुरुवात केल्याने आजोबांची बरीच करमणूक झाली. आत बसल्यावर मात्र हसू गेले. पट्टे खांद्यांवर आले, पुढे पत्रा, डोक्याशी नळी. सव्वीस मोटारींच्या गर्दीत इथे एकटे बसायचे.

खाली तो वाकून स्क्रू फिरवत होता. मी पिंजऱ्यातून विचारले, "बंड्या, उद्या त्याला मारणार आहेस का?"

पाना थांबला. "सर, हा कोपरा सहा दिवस मी माझ्या हाताने बांधला," तो म्हणाला. "मारायचे तर याच कोपऱ्याने मारावे लागेल." मग थोड्या वेळाने, "पण तो समोर आला तर काय होईल, मला ठाऊक नाही. खोटे कशाला बोलू?"

शनिवारी दुपारी गाडी ट्रेलरवर चढली. तपासनिसांनी उंची मोजली, वजन केले, पट्टे ओढून पाहिले. आई ड्यूटीवरून थेट आली होती, अंगावर इस्पितळाचाच पोशाख. संमतीपत्र हातात घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. दोघे काय बोलले, ते मला ऐकू आले नाही. शिरस्त्राणाचे बंद तिने दोनदा ओढले, मग कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली. जवळपास टेबल नव्हते.

रात्री स्टेडियम गच्च भरले. भाजलेल्या मांसाचा, रबराचा आणि पेट्रोलचा वास एकात एक. राष्ट्रगीत झाले, प्रार्थना झाली, आणि लगेच त्याच तोंडांनी लोक ड्रायव्हरांना शिव्या घालू लागले. वीस फेऱ्यांची शर्यत. बंड्या सातवा सुटला, तो माणूस पाचवा. बाराव्या फेरीला बंड्या नेमका त्याच्या मागे आला, आणि सारे स्टेडियम उभे राहिले. काका ओरडत होता. आई खाली सिमेंटकडे पाहत होती, ओठांनी फेऱ्या मोजत. आठ फेऱ्या तो त्याच्या मागे हातभर अंतरावर राहिला, तसूभर पुढे नाही. शेवटच्या वळणावर समोरचा जरा बाहेर सरकला, बंड्याने आतून नाक घातले, आणि दोन्ही गाड्या पत्र्याला पत्रा न लागता रेषेवर आल्या. बंड्या चौथा आला, तो पाचवा. लोकांनी निराश होऊन हुर्यो केली. काका आमच्याशी न बोलता निघून गेला.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. बंड्याने गाडी उतरवली, बॅटरी पेटवली आणि उजव्या पुढच्या चाकाखाली पालथा होऊन पाहू लागला. आई दारात उभी होती.

"कोपरा?" तिने विचारले.

"ठीक आहे, मॅम," खालून आवाज आला.