वेचणीचा पैसा, तेव्हाचा नि आताचा

सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा. बोंडं फुटली, पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा झाली, की बायांचे जथे सकाळीच शेताकडं निघायचे. कमरेला ओटी, डोक्यावर भाकरीचं फडकं. वेचता वेचता गाणी, चेष्टा, सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. ती गंमत आता उरली नाही, याची हळहळ वाटते. पण त्याच ओळीत एखादी गप्प असायची, दंडावरचा वळ पदरानं झाकून. विचारलं तर म्हणायची, "नवऱ्यानंच मारलं ना, दुसऱ्यानं थोडी!" विचारणारीही मुकाट पुढच्या झाडाकडं वळायची.

संध्याकाळी काट्यावर गाठोडं तिचं चढायचं; बाजारच्या दिवशी चुकारा मात्र नवरा घ्यायचा. निम्मा गुत्त्यावर जायचा. तेलामिठाला पैसे मागितले की पुन्हा मार.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम यायला १९८३ उजाडलं. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. बाईला तिच्या हक्काच्या पैशापासून तोडणं हीसुद्धा हिंसाच, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आता रोजगार हमीची मजुरी खात्यात पडते, २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही. गावोगावी बचत गट आहेत. तरी कुठं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, कुठं कर्ज तिच्या नावावर, खर्च त्याचा आणि हप्ता तिच्या वेचणीतून. चार पैसे जास्त आणले, तर "एवढा उशीर कुठं होतीस?" म्हणून हात उठतो. बायकोची कमाई काहींना अजून आपला अपमान वाटते.

म्हणून नुसत्या मजुरीनं मार थांबत नाही. पैसा तिच्या ताब्यात राहिला आणि पाठीशी चार माणसं उभी राहिली, तर मारणारा बिचकतो. गटातल्या बाया मिळून दारात गेल्या, की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

तेव्हा शेजारून आरडाओरडा ऐकू आला, तर "त्यांच्या घरचा मामला" म्हणून कडी लावू नका. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूनं दिलेल्या खबरीबद्दल कायदा तुम्हाला जबाबदार धरत नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.