चंदनाचा गाभा

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना चंदनाचे काय अप्रूप, असे परगावचे पाहुणे म्हणतात. वस्तुतः आमच्या देव्हाऱ्यातील खोड झिजत चालले आहे, आणि तसे दुसरे घेण्याची आमची ऐपत नाही. बाजारातील स्वस्त कुपीत चंदन किती, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला जिव्हाळ्याचा वाटतो.

पूर्वी येथले चंदन तेल काढण्यासाठी जर्मनीस जाई. १९१४ च्या महायुद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सडबरो व वॉटसन यांनी ते तेल काढून दाखविले. पाठोपाठ मैसूरात सरकारी कारखाना उभा राहिला.

या तेलात अल्फा-सँटलॉल आणि बीटा-सँटलॉल ही द्रव्ये मुख्य होत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिले ४१ ते ५५, तर दुसरे १६ ते २४ टक्के असावे. नाकाला ओळखीचा वाटणारा गंध विशेषेकरून दुसऱ्याचा. तेलाची वाफ लांब नळीतून गेली की घटक एकामागून एक सुटे होतात. त्यांच्या आलेखावर भेसळ सहसा लपत नाही.

पण आलेख चंदन निर्माण करीत नाही. वरचे पांढरे लाकूड गंधहीन. सुगंध गाभ्यात, आणि गाभा भरण्यास दशके लागतात. शिवाय हा वृक्ष शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस ओढूनच वाढतो. कर्नाटकात २००१ पर्यंत स्वतःच्या जमिनीतले चंदनही सरकारचे असे, त्यामुळे ते लावण्यास कोणी धजत नसे. आता मालकी जमीनधारकाची आहे. त्याने रोपाभोवती चार रानझाडेही राखली, तरच आमच्या नातवंडांच्या सहाणेवर खरे चंदन उगाळले जाईल.