पायाखालचा पत्रा

विमानालाही भुई असते. मोठ्या प्रवासी विमानात ती गालिच्याखाली दडून राहते, तिचा विचार करायची वेळ आपल्यावर येत नाही. पण ज्याने मोटार बाहेर बर्फात उभी करून स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन जणांचं विमान बांधायला घेतलंय, त्याच्या वाट्याला एक हिवाळा असा येतो की डोक्यात दुसरं काही नसतं. पंख झालेले असतात, इंजिनासाठी पैसे साठत असतात, आणि सांगाड्यात बसून पाहावं तर पाय टेकायला जागा नाही. खाली नळ्या, केबली, आणि त्यांच्यामधून दिसणारी गॅरेजची फरशी.

अमेरिकेत हे वेड जुनं आहे आणि कायदेशीरही. 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी लोकांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. 1970पासून तिची उन्हाळी जत्रा विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशला भरते. नियम असा की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी केलेलं हवं, तेही केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. सरकारी नियमाने करमणुकीला इतकी प्रतिष्ठा दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. 2016च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी 2017मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी 2019मध्ये मिळाली. पत्रा लवकर वाकतो. कागदाला वेळ लागतो.

तर भुई. हौशी लोकांचं आवडतं जुनं विमान म्हणजे पायपर कंपनीचं पिवळं जे-3 कब. 1938 ते 1947 या काळात ती सुमारे वीस हजार बनली, आणि त्याच्या वळणाची विमानं लोक आजही घरी बांधतात. सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. एकामागे एक दोन आसनं, दोघांच्या हाती एकेक दांडा, आणि ते दांडे पायांखालून जोडणारी एक नळी. शेपटीकडे जाणाऱ्या केबलींची वाटही इथूनच सुरू होते. वैमानिकाने हात मागे ओढला आणि विमानाने नाक उचललं, की समजावं, निरोप त्याच्या टाचांखालून गेला. त्या वाटेवर घातलेलं छप्पर म्हणजे ही भुई. तिच्याखाली थोडी पोकळी, मग पोटाचं कापड, मग नुसती हवा.

मूळ कबमध्ये इथे प्लायवूडच्या फळ्या असत. प्लायवूड वाईट नाही. पायांना उबदार, आवाज गिळणारं, करवतीला नमणारं. पण बुटांबरोबर आलेला चिखल आणि बर्फाचं पाणी ते पितं, आणि ओली फळी नळीला महिनोन्महिने चिकटून राहिली की रंगाखाली गंज धरतो. शिवाय वजन. सहा मिलिमीटर जाडीचं बर्च प्लायवूड चौरस मीटरला चार किलोच्या आसपास भरतं, 0.8 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सव्वादोन किलो. ज्या विमानाचं रिकामं वजन जेमतेम साडेतीनशे किलो, तिथे दोन किलोंसाठी माणूस रात्र रात्र जागतो. (तोच माणूस जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतो, हे त्याच्या बायकोला विचारावं.)

सगळी बचत मात्र पदरात पडत नाही. सपाट पत्र्यावर टाच टेकली की तो मध्येच दबतो, पाय उचलला की टप्पकन वर येतो. हवेत असताना ओळखीचा नसलेला कुठलाही आवाज वैमानिकाला नको असतो. म्हणून कडा खाली दुमडायच्या, मधून उथळ वळ्या उठवायच्या, नाहीतर खालच्या अंगाला अँगलची पट्टी रिव्हेट करायची. थोडं वजन परत येतं. येऊ द्यावं.

कामाला सुरुवात होते ती पुठ्ठ्यापासून. वेल्डिंग करताना नळ्या किंचित ओढल्या जातात, त्यामुळे नकाशातला काटकोन सांगाड्यात सापडेलच असं नाही. शिंपी अंगावर माप घेतो तसं इथे सांगाड्यावर पुठ्ठा धरून बेतावं लागतं, पेडलांच्या बाजूने, दांड्याच्या भोवतीने, एकेक नळी चुकवत. पुठ्ठा चुकला तर फेकता येतो. विमानाच्या प्रतीचा पत्रा महाग. मग पत्र्यावर खुणा. अणकुचीदार पोलादी टोकाने रेघ मारायची नाही, कारण दुमडताना त्या ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. पेन्सिलही नाही, तिच्यातलं ग्रॅफाइट ओलाव्याच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियमला खातं. साधं फेल्ट पेन चालतं. कातरीने सोडलेली बर कानशीने काढायची, कडेवरून बोट फिरवायचं, पुन्हा कानस. दुमड कधीच धारदार काढायची नाही, कडक जातीच्या पत्र्याला जाडीच्या तीन-चार पट त्रिज्येची गोलाई द्यायची. आणि दोन दुमडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आधी एक गोल भोक पाडून ठेवायचं, म्हणजे ताणाला निसटायला वाट राहते. भोकं जुळवून तात्पुरते क्लेको लावतात, स्प्रिंगचे छोटे खिळे: इंचाच्या आठव्या भागाचे तांबूस, त्याहून लहान रुपेरी. या दोन रंगांनी भरलेला पत्रा दिव्याखाली फार देखणा दिसतो, आणि हे देखणेपण त्या एका रात्रीपुरतं.

नळीला भोक पाडायचं नाही, हा दंडक. नळी हाड आहे. म्हणून तिला रबराचं अस्तर असलेला क्लॅम्प घालायचा आणि पत्र्याची फळी त्याला धरायची. हे रबर दोन कामं करतं. खडखड थांबवतं, आणि पोलाद व अ‍ॅल्युमिनियम यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. ते एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा आला, तर झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

इथवर कुणीही मन लावून शिकेल. खरी परीक्षा पुढे आहे. फळी बसली छान, पण निघणार कशी? दांड्याच्या भोकात तंतोतंत बसवलेली फळी काढायला दांडाच उपसावा लागला, तर ती कारागिरी मी मानत नाही. भोकापासून कडेपर्यंत एक चीर ठेवावी लागते, किंवा फळीचे दोन तुकडे करून त्यांची गाठ दांड्यापाशी आणावी लागते. आसन न हलवता हात स्क्रूपर्यंत पोचला पाहिजे. काढण्याचा क्रम आधी ठरवावा, आकार मागून येतो. काही विमानांच्या नकाशांत मागची भुई कायमची रिव्हेट करायला सांगितलेली असते, आणि अनेक जण ते न ऐकता तिथे नटप्लेट बसवतात. नटप्लेट म्हणजे पत्र्याच्या मागे दोन बारीक रिव्हेटांनी पक्का केलेला नट, म्हणजे वरून एका हाताने स्क्रू फिरवता येतो. एका स्क्रूसाठी तीन भोकं आणि दोन रिव्हेट. वीस स्क्रूंचा हिशेब तुम्हीच करा. मला हे लोक नकाशाकारापेक्षा शहाणे वाटतात.

कारण ही भुई उचलली जाणारच आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दर बारा महिन्यांनी तपासणी करावी लागते, आणि बांधणाऱ्याला त्याच्या त्या एका विमानापुरतं तसं प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणजे दर वर्षी गुडघ्यांवर बसून केबलीचा एखादा तुटका तंतू शोधणारा, पुली फिरवून पाहणारा माणूस तोच, फक्त वर्षाने म्हातारा झालेला. आळसाने बसवलेल्या स्क्रूला तो कुणाच्या नावाने शिव्या देणार?

आणि स्क्रू पडतो. पडतोच. खाली कुठेतरी टिणकन वाजतो आणि पुलीच्या आसपास जाऊन बसतो. चुंबकाने तो येईलच असं नाही. स्टेनलेस स्टीलच्या बहुतेक स्क्रूंना चुंबक ओढत नाही आणि रिव्हेट तर अ‍ॅल्युमिनियमचेच. पण तो सापडेपर्यंत फळी बंद करायची नाही, कारण तेवढाच एक स्क्रू हवेत दांडा अडकवू शकतो. निघाले तेवढे मोजायचे, बसले तेवढे मोजायचे.

पहिल्या उड्डाणाआधी सरकारी तपासनीस येतो, तेव्हा इंजिनावरचं आवरण, झाकणं आणि या फळ्या काढून ठेवलेल्या असाव्या लागतात. त्याला पाहायचं असतं ते खालचं. तुम्हाला कधी कुणाचं घरी बांधलेलं विमान पाहायचा योग आला, तर रंगाचं कौतुक करून झाल्यावर मालकाला म्हणा, एक फळी उघडून दाखवा. किती वेळात उघडते, तेही पाहा.