दत्तकेच्छू दांपत्यास पत्र

बेळगाव

निपाणीस्थित उभयतांस,


दत्तकाचा विचार करणाऱ्या दांपत्याला कायदा नेमके काय मागतो, हे समजून घेताना दत्तकाचा हेतू कसा पालटला, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. याच जिल्ह्यातील कित्तूर येथे १८२४ मध्ये शिवलिंगप्पा याचे दत्तकविधान कंपनी सरकारने अमान्य केले आणि राणी चन्नम्मा यांनी शस्त्र उचलले. त्या संघर्षाच्या मुळाशी गादीला वारस मिळण्याचा प्रश्न होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ मात्र मुलाला कुटुंब मिळण्याचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवतो, आणि पालकांकडून असलेल्या साऱ्या अपेक्षा त्यातूनच निघतात.

इच्छुक पालक शारीरिकदृष्ट्या सुदृढ, आर्थिकदृष्ट्या स्थिर आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असावेत, दांपत्य असल्यास दोघांचीही संमती असावी, आणि किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असावे, असे नियम सांगतात. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते, परंतु एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. पालक व मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते, आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही.

नोंदणी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाकडे होते, त्यानंतर गृहअभ्यास होतो. म्हणजे समाजकार्यकर्ता घरी येऊन नातेसंबंध, उत्पन्न, आरोग्य आणि मनाची तयारी जाणून घेऊन अहवाल लिहितो. ही भेट घराची श्रीमंती मोजण्यासाठी नसते. सीमाभागात येथे एक प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो: येणारे मूल कन्नड बोलणारे असेल, तर मराठी घर त्याच्या भाषेला आणि त्याच्या भूतकाळाला जागा देईल काय?

ओळखीतून किंवा प्रसूतिगृहातून परस्पर अनाथ, परित्यक्त वा समर्पित मूल घेण्याची वाट जवळची वाटली, तरी ती गुन्ह्याची आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिले आहेत, आणि परस्पर व्यवहारात नेमका हाच त्यांचा हक्क बुडतो. म्हणून प्रतीक्षा लांबली तरी ती सोसणे हीदेखील पालकत्वाची पात्रताच होय.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. मात्र मुलाला त्याच्या दत्तकत्वाची गोष्ट लहानपणापासून, त्याला पेलेल अशा शब्दांत सांगण्याचे धैर्य कोणत्याही आदेशाने येत नाही. ते धैर्य आजीआजोबांसह साऱ्या घरात आहे काय, याचा निर्णय नोंदणीपूर्वीच व्हावा, एवढीच कळकळीची विनंती.