तीन मापे पीठ

मातृत्वाचा गौरव करताना आपल्या वाङ्मयाने हात कधी आखडता घेतला नाही. आईला नदीची उपमा दिली, भूमीची दिली, प्रत्यक्ष देवाचीही दिली. हा गौरव खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो बहुधा पोटभर जेवून, हात धुऊन झाल्यावर केलेला असतो, अशी शंका मात्र आम्हांला नेहमी येते. पंगत उठल्यावर खरकटी कोणी काढावयाची, याचा उल्लेख त्या स्तोत्रांत सहसा सापडत नाही.

आम्ही राहतो ते सुरतेतील लिंबायत येथे. वस्ती गुजरातेत असली तरी गल्लोगल्ली कानांवर पडते ती खानदेशाची बोली. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूची माणसे कापडाच्या धंद्यामागे येथे आली आणि येथलीच झाली. पुरुष यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. बायका साड्यांचे गठ्ठे घरी आणून त्यांवर खडे चिकटवितात, लोंबते धागे कापतात. मजुरी नगावर. त्यातच नळाला पाणी येण्याची वेळ साधावयाची, डबा भरावयाचा, आणि रात्रपाळीचा माणूस झोपला असेल तर त्याच एका खोलीत पोरांना कुजबुजत अभ्यासाला बसवावयाचे. पावसाळ्यात खाडी फुगली म्हणजे धान्याचे डबे प्रथम उंचावर. या धबडग्यात कोणी ‘उदात्त’ हा शब्द उच्चारला तर हसूच येईल.

आमचे कुटुंब ख्रिस्ती. एका सायंकाळी मुले शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याची गोष्ट मोठ्याने वाचीत होती. शेजारीण आपला गठ्ठा घेऊन आमच्याच दिव्याखाली बसली होती. दिवा लावून, घर झाडून, कोपरान् कोपरा धुंडाळून एक नाणे शोधणारी ती बाई तिच्या चांगलीच ओळखीची निघाली. हातातला खडा तसाच धरून तिने विचारले, “ताई, तुमना देवले घरनं इतलं कसं माहीत शे?”

अनेक प्रवचने ऐकून जे ध्यानात आले नव्हते, ते या प्रश्नाने आमच्या ध्यानात आणून दिले. पिठात कालविलेले खमीर, जुन्या वस्त्रास लावलेले कोऱ्या कापडाचे ठिगळ, दिवठणीवर ठेवलेला दिवा! सुताराच्या घरी वाढलेल्या येशूच्या दाखल्यांत करवतीचे नाव नाही, रंध्याचे नाव नाही. पीठ आणि ठिगळ मात्र आहे. खमिराच्या त्या दाखल्यातील बाई तीन मापे पीठ घेते. हे काही दोन भाकरींचे पीठ नव्हे, मोठ्या पंगतीचे आहे. एवढे पीठ मळताना आईचे खांदे कसे भरून येतात, हे ज्याने लहानपणी जवळ बसून पाहिले असेल, त्यालाच असा दाखला सुचावा. नासरेथातील वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. ती वर्षे मरियेच्या चुलीपाशी गेली असावीत, अशी आमची समजूत आहे. अनुमान आमचे, शास्त्राधार कोणी मागू नये.

मराठी ख्रिस्ती घरांत अशी चूल आणि अशी श्रद्धा एकत्र पाहावयाची असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांच्या (1868–1936) घरी. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या मागे राहिल्या; पुढे पतीकडे परतल्या तरी स्वतःच्या मनाला पटल्यावाचून धर्म बदलला नाही; 1900 साली बदलला. टिळकांचा हात सढळ, आणि संसार रेटावयाचा यांनी. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्या स्वतःला देव्हाऱ्यात बसवीत नाहीत, उलट आपल्या फजितीला आपणच आधी हसतात. ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले, हे गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको. ते एका इंग्रज पाद्र्याने रचिले होते. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले ते पतीकडून अक्षरे शिकलेल्या या गृहिणीने.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या घरात आईच्या त्यागाची स्तुती फार होते, तेथे त्या त्यागाचा पुढला हप्ता थोरल्या मुलीकडून वसूल होतो. गठ्ठे वाढले, हात कमी पडले, की शाळा सुटते ती तिची. हे आम्ही आमच्या गल्लीत एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. आणि त्या मुलीलाही ‘लहानपणीच आई झाली हो’ म्हणून शाबासकी मिळताना ऐकली आहे. ती शाबासकी आमच्या कानाला शिवीसारखी लागते. शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. काम चाकराचे. ते त्याने त्या पुरुषांदेखत केले आणि तुम्हीही असेच करा म्हणून त्यांनाच सांगितले. पवित्र गुरुवारी कित्येक देवळांतून हा विधी मोठ्या गांभीर्याने होतो. तेथून घरी आल्यावर भांडी घासावयास कोण बसते, ते वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

आमची थोरली यंदा दहावीला आहे. सायंकाळी ती पुस्तके घेऊन खिडकीशी बसते आणि दोघे धाकटे आळीपाळीने कणीक मळतात. एकाचे पाणी हटकून जास्त होते, दुसरा मीठ विसरतो. त्यांचे वडील दिवसपाळीहून येऊन पानावर बसतात, पहिला घास चावतात आणि विचारतात, “आज कणीक कुठल्या कारागिराची रे?”