खुंटीवरचे म्यान

दरवर्षी खंडेनवमीला आमच्या घरी एक सुरी पाटावर बसते. तिच्या शेजारी विळी, अडकित्ता, कोयता, शिवणयंत्राची कात्री आणि वडिलांचे शाईचे पेन अशी मंडळी असतात. अलीकडे नातवाच्या हट्टाने स्क्रू-ड्रायव्हरही येऊन बसला आहे. पण मान सुरीचा. ती आमच्या आजोबांची. पाते वीतभराहून थोडे कमी, मूठ शिंगाची, आणि पाठ अशी जाड की नारळ फोडावा. आजोबा शेतावर निघाले की ती कमरेला असे. कापसाच्या पऱ्हाट्यांपासून बैलाच्या जुन्या वादीपर्यंत काय काय तिने कापले, याची गणती नाही.

आमचे गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. 1956 साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपल्या जिल्ह्यातला राजुरा तालुकाही पलीकडे गेला. आम्ही मात्र जेथे होतो तेथेच राहिलो. त्यामुळे खंडेनवमीला शेजारचे आयुधपूजा म्हणतात आणि आम्ही खंडेनवमी म्हणतो, एवढाच काय तो भेद. झेंडू दोन्हीकडे तोच.

ही सुरी निर्मलच्या पोलादाची आहे, असे आजोबा सांगत. पुरावा कोणताही नाही. पण या भागातले जुने लोखंड म्हटले की प्रत्येक घर निर्मलचे नाव घेते, आणि त्याला कारणही आहे. निर्मल परिसरातील लोहखनिजापासून कोनासमुद्रमच्या मुशींत पोलाद तयार होई. ते गाव आज निजामाबाद जिल्ह्यात आहे. इंग्रज शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉइसी यांनी हा उद्योग प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवला. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, 1832 साली, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पोलाद विकत घेण्यासाठी थेट इराणातील इस्फहानहून आलेला व्यापारी त्यांना तेथे भेटला होता. दमास्कसच्या तलवारींची कीर्ती जगभर गेली, तिच्यात आपल्या तेलंगणच्या मातीचा असा वाटा आहे.

हे सारे आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असू. पण इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने, आणि खरे सांगायचे तर आम्हीही, तिच्या म्यानाची चौकशी केली नाही. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. तेथील शस्त्रांच्या दालनात आम्ही कितीदा तरी रेंगाळलो आहोत. नजर जाते ती पात्यावर, मुठीवरच्या सोन्याच्या कामावर. म्यानाच्या तोंडाशी असलेली मोहनाळ आणि टोकाची तहनाळ या धातूच्या असल्याने टिकतात. मधले लाकूड आणि चामडे मात्र पोलादाच्या आधी मातीला मिळते. चामड्याचे आयुष्यच तेवढे.

आमच्या सुरीचे जुने म्यानही असेच गेले. आमच्या लहानपणी ते ओसरीवरच्या खुंटीला, वहाणांच्या वर, लटकत असे. आजोबा बाहेरून आले की सुरी उपसून आत नेत आणि म्यान खुंटीला अडकवीत. ते माजघराचा उंबरठा कधी ओलांडत नसे. चामडे आत यायचे नाही, हा घरचा नियम. त्याचे कारण कोणी विचारीत नसे आणि कोणी सांगतही नसे. पुढे ते वाळून फुटले, शिवण उसवली, आणि एका पावसाळ्यात उंदरांनी त्याचा निकाल लावला.

मग आम्ही शहाणपणा केला. एका मोठ्या शहरातील दुकानातून तयार म्यान आणले. दिसायला झकास, काळेभोर, चकचकीत, वर चापाचे बटण. पावसाळ्यानंतर सुरी बाहेर काढतो तो पात्यावर तांबेऱ्याचे ठिपके! एवढ्यावर भागले नाही. पुढच्या खेपेस सुरी उपसताना म्यान नेहमीप्रमाणे डाव्या मुठीत घट्ट धरले होते. आतल्या धारेने शिवणीचा दोरा कधीच कापून ठेवला होता, ती धार थेट आमच्या दोन बोटांवर आली. चार टाके पडले. आईने त्या दिवशी सुरी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली आणि "आता ती नवमीलाच बाहेर येईल," असे बजावले.

पण ज्या वस्तूचे पाते पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले, ती ट्रंकेत पडून राहावी हे मनाला पटेना. आदिलाबादच्या बाजारात चपला सांधणारे एक वृद्ध चर्मकार बसतात. त्यांना सारे 'मामा' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. टपरीत संत रोहिदासांची तसबीर, समोर पाण्याची कुंडी, आरी, रापी आणि कळबूत. हल्ली काम म्हणजे शाळेच्या दप्तरांच्या चेनी आणि चपलांचे अंगठे. सुरी आणि ते काळे म्यान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सुरीकडे पाहिलेही नाही. म्यान उलटे केले, नखाने कड खरवडली आणि म्हणाले,

"मालक, हे म्यान नाही, पाकीट हाय."

"मामा, मालक म्हणू नका," आम्ही म्हणालो.

"मग काय म्हणू? तुमच्या आजोबाला माझा बाप मालकच म्हणे. ते जुनं म्यान त्यानंच शिवलं होतं."

ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. इस्फहानच्या व्यापाऱ्याची हकीकत आम्हांस पाठ, आणि आपल्याच ओसरीवरचे म्यान कोणी शिवले ते ठाऊक नाही!

मामांनी दोष एकेक करून सांगितले. ते चामडे क्रोमने कमावलेले. ही रीत पाश्चात्त्यांची. 1884 साली अमेरिकेत तिचे एकस्व घेतले गेले आणि पुढे ती जगभर पसरली, कारण झाडाच्या सालीत जे काम कित्येक आठवडे घेते ते क्रोमच्या क्षारांत दिवसा-दोन दिवसांत उरकते. चामडे मऊ राहते, पाण्याला दाद देत नाही. जोड्याच्या वरच्या भागाला उत्तम. पण त्यातले क्षार पोलादाला बाधतात, आणि ओले करून आकार दिला तर तो आकार ते धरून ठेवीत नाही. म्यानाला हवे सालीत कमावलेले, अंगाने ताठ चामडे.

असा एक तुकडा त्यांनी पेटीच्या तळाशी जपून ठेवला होता, म्हशीच्या कातड्याचा. त्यांचे वडील मोटा शिवीत. विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या, ट्रॅक्टर आले आणि बैलांच्या वाद्या गेल्या. गावात कातडे कमावण्याचे कुंड होते तेही बुजले. कातडे चुन्यात भिजवून केस काढायचे, धुऊन त्याची पिशवी शिवायची, ती टांगून तिच्यात सालीचा काढा भरायचा, खाली झिरपलेला पुन्हा वर ओतायचा. साल कोणाची? बाभळीची, नाही तर तरवडाची.

तरवड म्हणताच आम्ही थबकलो. तेलुगूतला तंगेडू तो हाच. ज्याच्या पिवळ्या फुलांवाचून बतुकम्मा रचली जात नाही, जे आज तेलंगणाचे राज्यपुष्प आहे, ते याच झुडुपाचे. आमच्या घरातील लेकीसुनाही कुरडूच्या तुऱ्यांबरोबर ती फुले ताटात रचतात, देवीपुढे फेर धरतात. एकाच झुडुपाचे फूल देवीपुढे जाते आणि साल कातडे कमावण्याच्या कुंडात. एके काळी दक्षिणेतून विलायतेला जाणारे चामडे याच सालीवर कमावले जाई.

मामांनी सुरी जाड कागदावर ठेवून पेन्सिल फिरविली, बोटभर जागा सोडून आकार कापला. चामडे कुंडीत टाकले. बुडबुडे येणे थांबले की ते पुरते भिजले, असे समजायचे. सुरीला तेल लावून पातळ प्लास्टिक गुंडाळले आणि ओले चामडे तिच्यावर दुमडले. दुमड पाठीच्या बाजूला, शिवण धारेच्या बाजूला. मग शिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने ते चोळू लागले. मूठ जेथे पात्याला मिळते तेथली खळगी, पाठीची जाडी, सारे हळूहळू चामड्यावर उमटले. जणू सुरीनेच आपली ओळख त्यावर लिहिली. एवढे झाल्यावर सुरी काढून घेतली आणि चामडे दोन दिवस सावलीत ठेवले. उन्हात ठेवले तर तडकते.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. आता खरे काम होते. दोन थरांच्या मध्ये, कडेने, त्यांनी चामड्याचीच एक अरुंद पट्टी बसविली. "धार हिच्यावर टेकते, दोऱ्यावर नाही. त्या पाकिटात हीच नव्हती. तुमची बोटं त्यापायी गेली." आमच्या दोन बोटांचा खुलासा असा एका पट्टीत झाला. मग आरीने भोक, आणि मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर जातात. इंचाला पाच-सहा टाके. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण भराभर उसवते. या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे आपली जागा सोडीत नाहीत. टोकाशी त्यांनी एक बारीक छिद्र ठेवले, पाणी गेलेच तर निथळावे म्हणून. शेवटी कडा घासून एरंडेलाचा हात फिरविला.

काम चालू असताना आमचे पाल्हाळ चालूच होते. तेलुगूत म्यानाला 'ओर' म्हणतात, आणि एका ओरीत दोन कत्त्या मावत नाहीत ही म्हण तेलुगूतही आहे, असे आम्ही म्हणालो. मामा हसले. "तलवारी नसतील मावत. माझ्या घरात बायको तेलुगू, मी मराठी. पन्नास वर्षं मावलो."

सुरी म्यानात घातली. शेवटचे अर्धे बोट उरले असता तिने स्वतःच आत ओढून घेतल्यासारखा हलका आवाज झाला. म्यान उलटे करून हलविले, तरी पडली नाही.

"आता ऐका," मामा म्हणाले. "शेतावर नेताना म्यानात. घरी आली की पुसून, तेल लावून, बाहेर. म्यानात निजवायची नाही. चामडं हवेतलं पाणी पितं, साल आंबट, पातं खातं."

त्यांनी सांगितलेली मजुरी दिली. वर शंभराची नोट ठेवू गेलो, ती त्यांनी परत केली. आम्ही उठलो तेव्हा खाली पाहतच त्यांनी विचारले, "नवमीला सुरी पुजता ना अजून?"

"पुजतो."

"तेव्हा म्यान कुठं असतं?"

खुंटीवर, असे उत्तर होते. ते आमच्या तोंडून निघाले नाही. "बघू," असे काहीसे पुटपुटून आम्ही निघालो. घरी येईपर्यंत ते म्यान हातातच होते, आणि ओसरीवर आल्यावर ते खुंटीला अडकवावे की नाही, हे ठरेना. मृदंगाच्या पुडीला काय लावलेले असते, हे आम्हांस ठाऊक आहे. तो मृदंग विठ्ठलापुढे वाजतो. मग तीन पिढ्या हे म्यान उंबऱ्याबाहेर का, याचे उत्तर चामड्यात नव्हते. ते शिवणाऱ्याच्या हातांविषयी आमच्या घराने जे मनात धरले होते, त्यात होते. अस्पृश्यता संविधानाने 1950 सालीच बेकायदा ठरविली. आमच्या खुंटीपर्यंत ते वृत्त पोचले नव्हते. आजोबा आम्हांस प्रिय होते आणि आजही आहेत. म्हणूनच हे लिहिणे जड जाते.

खंडेनवमीला आम्ही पाट मांडला. सुरी ठेवली आणि शेजारी म्यान ठेवले. आई पूजेचे ताट घेऊन आली. वय पंच्याऐंशी, दृष्टी मंद; पण जे दिसायचे ते तिला बरोबर दिसते. ती क्षणभर थांबली. "हे कोणी ठेवलं?" "आम्ही." "कोणी शिवलं?" आम्ही सांगितले, मामांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचेही. आई काही बोलली नाही. तिने सुरीला हळदकुंकू वाहिले, विळीला वाहिले, अडकित्त्याला, पेनाला, स्क्रू-ड्रायव्हरलाही वाहिले. म्यानाला वाहिले नाही. पण उचलून बाहेरही ठेवले नाही. आरती झाली, आणि सायंकाळपर्यंत ते पाटावर राहिले.

दसऱ्यानंतर मामांच्या टपरीवर सोने द्यायला गेलो. आपट्याची पाने त्यांनी कपाळाला लावून रोहिदासांच्या तसबिरीपुढे ठेवली. आम्ही झाला प्रकार होता तसा सांगितला, आईचे हळदकुंकू कोठे थांबले तेही लपविले नाही. त्यांनी ऐकून घेतले, हातातल्या चपलेचा टाका पुरा केला, आणि विचारले, "कुंकू ओलं होतं का?"

"हो."

"मग पातं पुसलं ना? नाहीतर आतापर्यंत डाग धरला असेल."

आम्ही पुसले नव्हते. तडक घरी निघालो.