भोक नेमकं कुठे आहे?

धारणी तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं घाट उतरून भोसरी-चाकणला येतात, तेव्हा हातात कसब घेऊनच येतात. कानस येते, व्हर्नियर येतं. अडतात ती ड्रॉईंगवरच्या एका चौकटीपाशी. वर्तुळावर आडवी-उभी रेघ, पुढे व्यासाची खूण, 0.2, गोलातला एम, मग ए, बी, सी. मी मूळ धारणीचाच, नोकरी सगळी इन्स्पेक्शनमध्ये झाली. दिवाळीत घरी गेलो की ही पोरं ओसरीवर येऊन बसतात आणि बोलणं त्या चौकटीवर येतंच.

"सर, दोन्हीकडून 0.08 च तं सरकलं, मंग रिजेक्ट कामून?" एकानं विचारलं. प्रश्न रास्त होता. 0.2 हा व्यास आहे, म्हणजे भोकाचा मध्य कुठल्याही दिशेला 0.1 सरकू शकतो. आडवं 0.08 आणि उभं 0.08 मिळून तिरकं अंतर 0.113 होतं, ते हद्दीबाहेर. दोन्हीकडून 0.07 असतं तर 0.099, जॉब पास.

जुन्या पद्धतीत आडवं-उभं अधिक-उणे 0.1 लिहीत. त्यातून चौकोन तयार होतो आणि त्याच्या कोपऱ्यात मध्य 0.141 लांब गेला तरी चालतो. कोपऱ्यात तेवढं चालत असेल तर सरळ दिशेला का चालू नये? बोल्टला दिशा कळत नाही. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात स्टॅन्ली पार्कर यांना हेच दिसलं होतं: तपासणीत नापास झालेले भाग जोडणीत बिनतक्रार बसत होते. चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ घेतलं तर जागा सुमारे 57 टक्के वाढते. त्या वाढीव जागेत पडणारा चांगला माल भंगारात जाण्यापासून वाचतो.

गोलातल्या एमचं तत्त्वही जोडणीतूनच आलेलं. भोक 10.0 ते 10.2 असेल आणि प्रत्यक्षात 10.1 निघालं, तर बोल्टला 0.1 जास्त मोकळीक मिळते. म्हणून स्थानाची सूटही 0.2 ची 0.3 होते. कित्येक इन्स्पेक्टर भोकाचा व्यास न मोजताच स्थान नापास करतात. मला हा कारागिरावरचा अन्याय वाटतो.

पण माझा खरा जीव अडकतो तो ए, बी, सी मध्ये, म्हणजे मोजमाप जिथून धरायचं त्या संदर्भांमध्ये. समजा, जॉब म्हणजे चार भोकांचा फ्लँज. तो ज्या तोंडावर टेकणार ते ए, ज्या बोअरमध्ये मध्यावर बसणार ते बी, आणि ज्यानं त्याचं फिरणं अडतं ते सी. मोजायला सोपी म्हणून बाहेरची कड धरली, तर आकडे सुबक येतात आणि पूर्ण निरर्थक असतात, कारण ती कड जोडणीत कशालाच टेकत नाही. म्हणून मी आधी ए तोंडावरून बोट फिरवतो. केसाएवढी बर राहिली असली तरी सरफेस प्लेटवरच्या अँगल प्लेटला जॉब तिरका टेकतो आणि पुढचं प्रत्येक रीडिंग खोटं ठरतं. दगडानं बर काढायची, पुसायचं, पुन्हा टेकवायचं आणि बोटानं दाबून डुलतो का पाहायचं. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. मग भोकात घट्ट बसणारी पिन घालून हाइट गेज लावायचा. पिनच्या मुळाशी एक वाचन, शेंड्याशी एक. ड्रिल आत भरकटलं असेल तर ते इथेच कळतं, कारण सूट सबंध अक्षाला आहे, वरच्या तोंडापुरती नाही.

माल भरपूर असेल तर ए तोंड टेकवून, बी आणि सी धरून, 9.8 च्या पिनांचा गेज करावा. बसला तर जोडणी होणार. तो व्यास मात्र तपासत नाही, त्यासाठी बोअर गेज वेगळा. आणि भोक कुठे सरकतंय हेही तो सांगत नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, ठराविक जॉबनंतर एक प्लेटवर मोजा आणि रजिस्टरमध्ये नुसतं ओके लिहू नका. एक्स आणि वाय दोन्ही अधिक-उणे चिन्हासकट लिहा. चारही भोकं एकाच बाजूला 0.06 गेलेली दिसली, तर मशीनवरच्या माणसाला ऑफसेट कुठल्या बाजूला द्यायचा ते तिथल्या तिथे कळतं.